अकरा ठिपके

आमचे हे मशीन बसवतात. बनवत नाहीत, विकत नाहीत, फक्त बसवतात. ट्रकातून आलेलं जड धूड खाली उतरवायचं, जागेवर सरकवायचं, पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून इतकं सरळ करायचं की ते चालू असताना वर नाणं उभं ठेवलं तरी पडू नये. लग्न ठरलं तेव्हा हेच मला करून दाखवलं होतं. लोक होणाऱ्या बायकोला बागेत नेतात, सिनेमाला नेतात. मला ह्या गृहस्थांनी एका कारखान्यात नेलं, मशीन चालू केलं, वर नाणं उभं केलं आणि समाधानाने माझ्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, वेडा आहे, पण बरा आहे. आणि हो म्हणून बसले.

कामावर सगळे त्यांना 'लेव्हल' म्हणतात. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एक लेव्हल कायम असते. वीतभर लांबीची, लोखंडी, मध्ये काचेची नळी आणि नळीत बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की मशीन सरळ. घरात कपाट आणलं, लावली लेव्हल. पोरीचा पाळणा आणला, लावली लेव्हल. एकदा चार बोल्ट चुकून खिशात राहिले म्हणून भर उन्हात अर्धं शहर चालत परत द्यायला गेले. मी म्हटलं, अहो, चार बोल्टांनी त्यांचा कारखाना बंद पडणार आहे का? तर म्हणे, ते माझे नाहीत.

अशा माणसाची मला आज किळस येते. लिहिताना बरं वाटत नाही, पण येते. आता सांगायला बसलेच आहे तर गोड गोड कशाला सांगू?

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. मशीन बसवून झालं की त्याच्या पायावर, बोल्टच्या भोकाशेजारी, पंच आणि हातोडीने एक बारीक ठिपका मारायचा. त्यांच्या मिस्त्रींची शिकवण. मशीन तिथून हललं आणि दुसरीकडे पुन्हा बसवलं, की पहिल्याच्या शेजारी दुसरा ठिपका. म्हणजे पुढच्या वेळी हात लावणाऱ्याला कळतं की ह्या मशीनने किती ठिकाणं बघितली. चांगल्या मशीनला एक ठिपका असतो, फार तर दोन. तीनच्या वर गेले की हे म्हणायचे, बिचाऱ्याला घर मिळालं नाही. ठिपके बाकीचेही मारतात, पण ह्यांचे तीन-तीनच्या ओळीत, सारख्या अंतरावर. दुसऱ्याला तेवढा सोस नसतो. आणि हे सगळं आमच्या मुंगीला पाठ. मुंगी म्हणजे आमची लेक. लहानपणी जे सापडेल ते ओढून नेऊन आपल्या कोपऱ्यात साठवायची, म्हणून मुंगी. शाळेला सुट्टी लागली की बापाबरोबर कामावर. दहा वर्षांची असताना ती लेव्हल वाचायला शिकली होती आणि मोठी झाल्यावर आपण मशीनचीच इंजिनिअर होणार हे तिने तेव्हाच जाहीर केलं होतं.

आता दुसरी बाजू. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या शहराभोवती इंजिनिअरिंगची कॉलेजं उगवायला लागली. जिथे तिथे नवी कमान, नवा फलक, फलकावर हसणारी मुलं. कॉलेज म्हटलं की मान्यता आली, आणि मान्यता म्हटलं की तपासणी समिती आली. समितीला प्रयोगशाळेत मशीन दिसावी लागतात. मग एक पुरवठादार उपटला. त्याचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, मी त्याला गुळगुळीत म्हणते. चेहरा गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, हातात हात दिला तर तोही निसटेल असा. हा गुळगुळीत आपल्या गोदामातली मशीन तपासणीपुरती कॉलेजांना द्यायचा. रविवारी मशीन जायचं, हे ते बसवून यायचे. समिती यायची, मशीन मोजायची, चहा प्यायची, सही करायची आणि जायची. मागोमाग मशीनही जायचं, पुढच्या कॉलेजात.

ह्यांचं म्हणणं एकच. "मी फक्त बसवतो. नंतर ते राहतं की जातं, ते मला काय?"

आणि मी? मला ठाऊक नव्हतं असं म्हणाले तर जीभ झडेल. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला असते. तपासणीचा आठवडा आला की प्रयोगशाळेचे पडदे धुवायला यायचे. तेच निळे पडदे, तोच कोपऱ्यातला शाईचा डाग, पावती मात्र दर वेळी वेगळ्या कॉलेजची. डाग मला चांगला ओळखीचा झाला होता. मी पावती फाडायची आणि गप्प बसायची. लोकांच्या पोरांचं काय ते लोक बघतील, असं मनात म्हणायची. माझं हे मन आठवलं की मला माझीच शिसारी येते.

मग आमच्या पोरीची पाळी आली.

मुंगी चांगल्या मार्कांनी पास झाली. प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. त्यात पाच कॉलेजं लिहायची, आवडीच्या क्रमाने. सोमवारी संध्याकाळी पाचला फॉर्म बंद. एकदा बंद झाला की देव आला तरी बदल नाही, आणि नंबर लागेल तिथे चार वर्षं. झालं, आमच्या जेवणाच्या टेबलाचा बाजार झाला. चौदा कॉलेजांची माहितीपुस्तकं, सगळी जाडजूड, चकचकीत, उघडली की नाकात शाईचा वास. सगळीकडे तेच ते. उज्ज्वल भविष्य, जागतिक दर्जा, उत्तुंग भरारी. तीन पुस्तकांवर तर एकच मुलगी, डोळ्यांना चष्मा लावून, हातात कानस धरून हसणारी.

मुंगीने नीट बघितलं आणि म्हणाली, "आई, हिने कानस उलटी धरलीय."

"तिला फोटोचे पैसे मिळाले असतील, कानशीचे नाही," मी म्हटलं.

सल्ले द्यायला तर सगळं गाव मोकळं. माझा भाऊ फोनवरून म्हणाला, काचेचं कॉलेज टाक पहिलं, इमारत बघ कसली आहे! प्रवेशाचा एक मार्गदर्शक म्हणून कोणी असतो, त्याच्याकडेही जाऊन आलो. खोलीत अत्तराचा फवारा, भिंतीवर पोरांचे हार घातलेले फोटो. हारामुळे मला आधी वाटलं, सगळी गेली की काय! तर ती म्हणे यशस्वी मुलं. तोही म्हणाला काचेचंच टाका. आणि मुंगीच्याही मनात काचेचंच होतं, पण वेगळ्या कारणाने. त्यांच्या पुस्तकात एका मोठ्या मशीनचा फोटो होता. जाड लोखंडी सळई दोन्हीकडून ताणून तोडणारं मशीन, छतापर्यंत उंच. "आई, सळई तुटते कशी, कुठल्या जोराला तुटते, ते आपल्या हाताने बघायला मिळणार," असं म्हणताना पोरीचे डोळे नुसते चमकायचे.

ह्या सगळ्यात तिचा बाप काय करत होता? जेवत होता. पुस्तकं बाजूला सारून ताटापुरती जागा करायची, जेवायचं, उठायचं. मुंगी विचारायची, "बाबा, काचेचं एक नंबरला टाकू?" तर खाली मान घालून, "तू शहाणी आहेस. तुझं तू बघ." मला वाटलं, काय विश्वास आहे पोरीवर! मी शेजारणीला कौतुकानेही सांगितलं. कप्पाळ माझं.

शनिवारी काचेच्या कॉलेजने पालकांना बोलावलं होतं, या, बघा, खात्री करा म्हणून. मी ह्यांना चला म्हटलं. "मला काम आहे." शनिवारी कसलं काम, असं विचारावं ही बुद्धी मला झाली नाही. मी आणि मुंगी बसने गेलो. दारात फुग्यांची कमान, आत गेल्या गेल्या डोक्यात एकेक टोपी घातली, हातात पेन दिलं. माणसांना गुराढोरांसारखं इकडून तिकडे हाकत होते आणि माणसंही टोप्या घालून खुशीत चालली होती. काच मात्र खरंच खूप होती. सगळीकडे आपलंच तोंड दिसत होतं.

प्रयोगशाळेत ते मशीन होतं. निळे पडदे होते. मी कोपऱ्याकडे बघायचं टाळलं.

मशीनपाशी टाय लावलेले एक सर उभे होते. मुंगीने विचारलं, "सर, किती टनांपर्यंत ओढतं हे?" सरांनी हातातलं माहितीपुस्तक उघडलं. पान सापडेना. "ते पुढच्या सत्रात शिकवतात," म्हणाले.

"चालू करून दाखवाल?"

"आज देखभाल चालू आहे."

मशीनची वायर मागे वेटोळं करून सुतळीने बांधली होती. जमिनीत एकही बोल्ट ठोकलेला नव्हता. मुंगीने एवढं बघितलं आणि बुटाची नाडी सुटल्यासारखी खाली बसली. अंगठा मशीनच्या पायावरून फिरवत राहिली. मागच्या लोकांनी पुढे चला, पुढे चला केलं तरी उठेना. उठली तेव्हा तिने डोक्यावरची टोपी काढून हळूच मशीनवर ठेवली.

बसमध्ये निम्मा रस्ता झाल्यावर बोलली. "अकरा आहेत, आई."

"काय अकरा?"

"ठिपके. तीन-तीनच्या ओळीत. शेवटचा अजून चमकतोय, गंजसुद्धा नाही चढला."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी हे जेवायला बसत होते. मुंगीने हातसुद्धा धुतले नाहीत. समोर उभी राहिली. "बाबा, काचेच्या कॉलेजातल्या मशीनला अकरा ठिपके आहेत."

ह्यांचा हात ताटात थांबला. "मी फक्त..."

"बसवता. माहितेय. मी ते पहिल्या नंबरला टाकणार होते, हे तुम्हाला माहीत होतं की नाही?"

त्यांनी बोटं ताटाच्या कडेला निरपली. मग, "होतं."

"मग?"

"मला वाटलं, तू बदलशील."

एकवीस वर्षं मी ह्या माणसाला अहो-जाहो केलं. त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "तू बाप आहेस की कोण आहेस रे?" काय बोलले हे मला नंतर कळलं, पण परत घ्यावंसं वाटलं नाही. चार वर्षं! पोरीची चार वर्षं पाण्यात गेली असती, रिकाम्या खोलीत भिंतीकडे बघत ती इंजिनिअर झाली असती, आणि ह्या माणसाने ते चालवून घेतलं असतं. का? तर एक वाक्य तोंडातून काढायला लाज वाटत होती. चार बोल्ट परत करायला अर्धं शहर चालला होता तो! मी समोरची सगळी माहितीपुस्तकं उचलून त्यांच्या ताटाशेजारी आदळली. आमटी उडाली, उडू दे म्हटलं.

मुंगी मात्र ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन्सिल आणून बापासमोर ठेवली. "सांगा. ह्या चौदांत कुठे काय आहे ते सांगा. सोमवारी फॉर्म बंद होतोय."

मग हा माणूस बोलायला लागला. इतक्या वर्षांत एवढं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. एकेक पुस्तक उचलायचे आणि काट मारायचे. इथलं लेथ मशीन गोदामातलं. इथले संगणक म्हणजे नुसते डबे, आत काही नाही, मीच टेबलं सरळ केली. इथला बॉयलर म्हणजे रंगवलेलं पिंप. इथे प्रयोगशाळा दोन शाखांना एकच आहे, समिती पहिल्या मजल्यावरून खाली उतरेपर्यंत दारावरची पाटी बदलतात. हे सांगताना तर ते किंचित हसले. हसू आलं त्यांना! मला उठून मोरीत जाऊन चूळ भरावीशी वाटली. बारा पुस्तकांवर काट पडली. दोन उरली. त्यातलं एक म्हणजे दिवसभराच्या प्रवासावरचं जुनं कॉलेज. त्याचं पुस्तक सगळ्यांत पातळ, फोटो धुरकट, भिंतींचे पोपडे निघालेले.

"इथे काही नवं नाही," हे म्हणाले. "पण आहे ते त्यांचं आहे. तिथल्या लेथला आमच्या मिस्त्रींचा ठिपका आहे. एकच."

मुंगीने फॉर्ममध्ये तेवढी दोनच कॉलेजं लिहिली. तीन रकाने रिकामे सोडले. मार्गदर्शकाने फोन करून आम्हाला वेड्यात काढलं. जुन्या कॉलेजात नंबर लागला.

निघायच्या दिवशी ह्यांनी फडक्यात गुंडाळलेली लेव्हल तिच्या सामानात ठेवली. "घेऊन जा. मला आता लागणार नाही. रविवारची कामं सोडली." मुंगीने ती काढून हातात धरली, बापाकडे बघितलं, आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा त्यांना वाकून नमस्कार केला. माझंही मन जरा निवळलं. खोटं का बोलू? मला वाटलं, चुकला माणूस, पण फिरला मागे.

तीन महिने चांगले गेले. हे बाटल्यांच्या कारखान्यात दुरुस्तीला जायचे. रविवारी घरी. लेव्हल नाही म्हणून फळीवर पाण्याचा पेला ठेवून फळी सरळ करत बसायचे. मी चिडवायची, ते हसायचे. मी पुन्हा अहो म्हणायला लागले होते. मग एका शुक्रवारी म्हणाले, कारखान्याचं बाहेरगावी काम आहे, सोमवारी येईन. मी डबा भरून दिला.

मंगळवारी दुपारी दुकानात मुंगीचा फोन आला. काउंटरला गिऱ्हाईक होतं. मी फोन कानाला लावूनच पावती करत होते.

"आई, बारा."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"तेच मशीन. आमच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलंय. नवी शाखा काढतायत, उद्या समिती आहे. मी खाली बसून बघितलं. बारा." पोरीचा आवाज अगदी सरळ होता. "मी आपली लेव्हल लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधोमध. म्हणजे त्यांनी नवी घेतली, आई."

"मुंगे..."

"प्रयोगशाळेची शेड माझ्या होस्टेलच्या खिडकीतून दिसते. मी रविवारी दिवसभर खोलीत होते. कपडे वाळत घालत होते." मग म्हणाली, "तास आहे, जाते," आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्या कोटाची पावती दोनदा केली.

संध्याकाळी मी त्यांच्या ताटात वाढलं आणि विचारलं, "रविवारी कुठे होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. नाकारलं नाही, एवढं मात्र खरं. "तो तुझा गुळगुळीत आला होता कारखान्यात. मी नाही म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्या कोणाला नेलं असतं. आजकालच्यांना पाय टेकवता येत नाहीत मशीनचे. पोरीच्या कॉलेजात वाकडं मशीन उभं राहिलं असतं."

"चार दिवसांसाठी! परवा ते उचलून नेणार आहात!"

"चार दिवस असले म्हणून काय झालं? वाकडं ते वाकडं."

अंगावर पाल पडावी तसं झालं. "पोरगी खिडकीत होती," मी म्हटलं.

"दिसली मला. चादर झटकत होती. बारीक झालीय."

"आणि हाक नाही मारलीत?"

"काय सांगणार होतो?"

मी वाढायचं भांडं हातात धरून उभी होते. ह्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायले, आणि मग खाली बघतच विचारलं,

"लेव्हल लावून बघितली का तिने?"

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. पण मी म्हटलं, "बघितली. बुडबुडा मधोमध होता."

त्यांनी मान हलवली आणि ताट जवळ ओढलं. चेहऱ्यावर समाधान होतं. तेच, जे नाणं उभं करून माझ्याकडे बघताना होतं. मी भांडं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हातानं वाढून घ्या."